वाचकांचे प्रश्न : एडीबी, फास्टबूट आणि संगणकाला न दिसणारा फोन

एडीबी (चालू अँड्रॉइड फोनला कमांड देणारे) आणि फास्टबूट (फोनच्या बूटलोडरला, म्हणजे अँड्रॉइडच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमला, कमांड देणारे) ही संगणकावरून फोन हाताळण्याची साधने बसवताना येणाऱ्या अडचणींबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाइप कराव्यात. मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे.

प्रश्न : विंडोजसाठीची झिप फाइल उतरवून घेतली. आत सेटअप नावाचे काहीच नाही. ‘एडीबी’वर डबल-क्लिक केले की काळी खिडकी क्षणभर चमकते आणि जाते. फाइल खराब आहे का?

उत्तर : फाइल ठीक आहे. या साधनांना सेटअप नसतोच. गूगलच्या अँड्रॉइड डेव्हलपर संकेतस्थळावर ‘एसडीके प्लॅटफॉर्म-टूल्स’ नावाची झिप मिळते, ती उलगडून ठेवली की झाले. डबल-क्लिक केल्यावर एडीबी आपल्या वापराची माहिती छापून संपते आणि तिच्याबरोबर खिडकीही बंद होते. ते चालवायचे कमांड प्रॉम्प्टमधून, म्हणजे विंडोजच्या कमांड टाइप करण्याच्या खिडकीतून.

झिपवर राइट-क्लिक करून ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ करा आणि जागा म्हणून सी ड्राइव्हचे मूळ द्या. नुसती झिप उघडून आतूनच एडीबी चालवायला गेलात तर ‘एडीबी-विन-एपीआय डीएलएल सापडत नाही’ असा संदेश येईल. विंडोज अशा वेळी एकटीच फाइल तात्पुरत्या जागी काढते, तिच्या शेजारच्या डीएलएल (तिला चालायला लागणाऱ्या जोडफाइली) मागेच राहतात. याच कारणाने एडीबीची एकच फाइल उचलून डेस्कटॉपवर ठेवू नये. अख्खे फोल्डर एकत्र राहू द्या. उलगडल्यावर प्लॅटफॉर्म-टूल्सच्या आत पुन्हा प्लॅटफॉर्म-टूल्स असा दुहेरी प्रकार झालेला नाही ना, हेही पाहून घ्या. पुढे पाथ (विंडोज प्रोग्रॅम शोधते त्या फोल्डरांची यादी) देताना बरेच जण तिथे फसतात.

मग फोल्डर उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘सीएमडी’ टाइप करून एंटर दाबा आणि उघडलेल्या खिडकीत ‘एडीबी व्हर्जन’ द्या. पहिल्या ओळीत १.०.४१ दिसेल. हा आकडा गेली कित्येक वर्षे तोच आहे, त्यावरून काही ठरवू नका. खरी आवृत्ती दुसऱ्या ओळीत असते, आणि तिच्याखाली ‘इन्स्टॉल्ड ॲज’पुढे ही प्रत कुठल्या फोल्डरातून चालते आहे ते लिहिलेले असते. ही ओळ पुढे फार उपयोगी पडते. खिडकी पॉवरशेलची (विंडोजमधल्या दुसऱ्या प्रकारच्या कमांड खिडकीची) असेल तर नुसते ‘एडीबी’ चालणार नाही. आधी टिंब आणि उलटी तिरकी रेघ द्यावी लागते, कारण पॉवरशेल चालू फोल्डरातला प्रोग्रॅम आपणहून उचलत नाही.

कुठल्याही फोल्डरातून एडीबी चालावे यासाठी पाथमध्ये नोंद करा. स्टार्टमध्ये ‘एन्व्हायर्नमेंट’ शोधा, ‘एडिट द सिस्टिम एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ उघडा, खालचे ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ बटण दाबा, वरच्या चौकटीतली ‘पाथ’ ओळ निवडून ‘एडिट’, मग ‘न्यू’, आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता. ओके करून आधीपासून उघड्या असलेल्या खिडक्या बंद करा. त्यांना जुनाच पाथ माहीत असतो. ‘नोंद केली तरी चालत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

हेच काम ‘सेटएक्स’ या कमांडने एका ओळीत करायचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिलेला दिसतो. तो मानू नका. सेटएक्स १०२४ अक्षरांपुढचा मजकूर कापून टाकते, आणि नेहमी सांगतात त्या पद्धतीने वापरली तर सिस्टिमचा पाथही तुमच्या वैयक्तिक पाथमध्ये ओतते. संगणकावर बरेच प्रोग्रॅम असतील तर पाथची शेपटी उडते, आणि एडीबी चालू होताना दुसरेच काहीतरी बंद पडते. एका ओळीतच काम हवे असेल तर प्रोग्रॅम बसवणाऱ्या विंडोजच्या विनगेटची ‘विनगेट इन्स्टॉल गूगल.प्लॅटफॉर्मटूल्स’ ही कमांड वापरा.

प्रश्न : ‘एडीबी डिव्हाइसेस’ दिल्यावर ‘लिस्ट ऑफ डिव्हाइसेस अटॅच्ड’ एवढेच येते, खाली रिकामे. एडीबी पुन्हा दोनदा बसवून पाहिले.

उत्तर : तिसऱ्यांदा बसवू नका. ती ओळ छापली गेली याचा अर्थ संगणकावरचे एडीबी धडधाकट आहे. इथे कामाची मांडणी समजून घेतली की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. एडीबीचे तीन भाग असतात. तुम्ही टाइप करता तो क्लायंट. संगणकावरच पडद्याआड चालणारा सर्व्हर. तो पहिल्या कमांडबरोबर सुरू होतो आणि ५०३७ क्रमांकाच्या पोर्टवर (प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलण्याच्या क्रमांकित दारावर) बसतो. आणि फोनमध्ये चालणारा एडीबीडी. यादी रिकामी म्हणजे सर्व्हरला यूएसबीवर एडीबीडी दिसतच नाही. दोष एकतर केबलमध्ये, नाहीतर फोनच्या सेटिंगमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये (विंडोजला उपकरणाशी बोलू देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये).

केबल आधी. चार्जरबरोबर आलेल्या काही केबलींत डेटाच्या तारा नसतात. फोन चार्ज होतो, त्यामुळे संशय येत नाही. फोनमध्ये ‘फाइल ट्रान्सफर’ निवडून संगणकावर फोनचे फोल्डर दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर केबल बदला आणि मधला हब काढून फोन थेट संगणकाच्या यूएसबी पोर्टला लावा.

फोल्डर दिसते पण यादी रिकामी, तर डीबगिंग (फोनने एडीबीच्या कमांड घ्याव्यात ही सेटिंग) पाहा. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारली की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात, अँड्रॉइड ४.२ पासून ते असे दडवलेले असतात. सॅमसंगमध्ये बिल्ड नंबर ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’च्या आत असतो. शाओमीत बिल्ड नंबरऐवजी एमआययूआय किंवा हायपरओएसच्या आवृत्तीवर टिचक्या माराव्या लागतात. डेव्हलपर ऑप्शन्स उघडले म्हणजे डीबगिंग चालू झाले असे नव्हे, आत ‘यूएसबी डीबगिंग’चा वेगळा स्विच आहे. नव्या सॅमसंग फोनांत ‘ऑटो ब्लॉकर’ चालू असेल तर तो यूएसबीवरून येणाऱ्या कमांड अडवतो. ‘सिक्युरिटी अँड प्रायव्हसी’त जाऊन तो काम होईपर्यंत बंद ठेवा. काही फोन ‘फक्त चार्जिंग’ या स्थितीत डीबगिंगही पुढे करत नाहीत, त्यामुळे फाइल ट्रान्सफर निवडूनच ठेवलेले बरे.

एवढे होऊनही काही नाही, तर ड्रायव्हर. विंडोजचा ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा आणि तो समोर ठेवून फोनवरचा डीबगिंगचा स्विच बंद-चालू करा. यादी हलते त्या जागी पाहा. ‘अदर डिव्हाइसेस’खाली पिवळ्या त्रिकोणासह फोनचे नाव किंवा ‘एडीबी इंटरफेस’ दिसले तर ड्रायव्हर नाही. फाइलींचे फोल्डर दिसते म्हणून ड्रायव्हर आहे असे समजू नका: फाइलींसाठीचा इंटरफेस आणि एडीबीचा इंटरफेस विंडोजच्या लेखी दोन स्वतंत्र वस्तू आहेत. पिक्सेल फोनसाठी ‘गूगल यूएसबी ड्रायव्हर’ची झिप मिळते. इतर कंपन्यांच्या फोनांसाठी त्या त्या कंपनीचा ड्रायव्हर घ्या, कारण गूगलच्या ड्रायव्हरमधल्या यादीत गूगलचीच उपकरणे आहेत. पिवळ्या ओळीवर राइट-क्लिक, ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, आणि उलगडलेले फोल्डर. विंडोजने ऐकले नाही तर तिथेच ‘लेट मी पिक’मधून ‘अँड्रॉइड डिव्हाइस’ आणि मग ‘अँड्रॉइड एडीबी इंटरफेस’ निवडता येते. इशारा येईल, तो स्वीकारा.

लिनक्स आणि मॅकवर ड्रायव्हरचा हा सगळा भाग नसतो.

प्रश्न : यादीत फोनचा क्रमांक येतो, पण पुढे ‘अनऑथराइज्ड’. फोनवर परवानगीची चौकट येत नाही.

उत्तर : केबल, ड्रायव्हर सगळे बरोबर आहे, फोनने या संगणकाची किल्ली अजून मान्य केलेली नाही इतकेच. अँड्रॉइड ४.२.२ पासून प्रत्येक संगणकाची एक आरएसए किल्ली (ओळख पटवणारी फाइल) फोनकडून मान्य करून घ्यावी लागते. ती संगणकावर तुमच्या यूजर फोल्डरातल्या ‘.अँड्रॉइड’ या फोल्डरात ‘एडीबीकी’ नावाने राहते.

चौकट फोनचा पडदा उघडा असतानाच दिसते, म्हणून आधी लॉक उघडा. तरी आली नाही तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘रिव्होक यूएसबी डीबगिंग ऑथरायझेशन्स’ दाबा, केबल काढा, संगणकावर ‘एडीबी किल-सर्व्हर’ द्या, केबल लावा आणि ‘एडीबी डिव्हाइसेस’. एवढ्याने चौकट येते. त्यानेही नाही आली तरच ‘एडीबीकी’ आणि ‘एडीबीकी.पब’ या दोन फाइली पुसा. सर्व्हर पुन्हा सुरू होताना नवी जोडी बनवतो.

काल चाललेला फोन आज ‘अनऑथराइज्ड’ दाखवतो असेही काहींनी लिहिले आहे. ‘ऑलवेज अलाऊ’वर खूण न करता नुसते ‘अलाऊ’ दाबले तर ती परवानगी कायमची नसते. आणि अँड्रॉइड ११ पासून सात दिवस न जोडलेल्या संगणकाची कायमची परवानगीही फोन रद्द करतो. ‘डिसेबल एडीबी ऑथरायझेशन टाइमआउट’ने ते थांबवता येते, पण महिन्यातून एकदा फोन जोडणाऱ्याने पुन्हा ‘अलाऊ’ दाबणेच शहाणपणाचे.

क्रमांकापुढे ‘ऑफलाइन’ असेल तर केबल काढून लावा आणि सर्व्हर पुन्हा सुरू करा. फोन नवा आणि एडीबी फार जुने असले तरी हाच शब्द येतो.

प्रश्न : उबुंटूवर ‘नो परमिशन्स’ येते. पुढे ‘सुडू’ लावून चालवले की सगळे चालते. तसेच वापरत राहिलो तर बिघडते काय?

उत्तर : बिघडते. ‘सुडू’ने सर्व्हर रूट (सर्व अधिकार असलेला यूजर) म्हणून सुरू होतो आणि किल्लीही रूटच्या घरात बनते, त्यामुळे फोन पुन्हा परवानगी मागतो. नंतर साधी कमांड दिली तरी ती त्याच पोर्टवरच्या रूटच्या सर्व्हरशी बोलते आणि चालते. तुम्हाला वाटते प्रश्न सुटला. संगणक बंद करून चालू केला की सर्व्हर तुमच्या नावाने सुरू होतो आणि ‘नो परमिशन्स’ परत हजर.

मूळ दोष असा की यूएसबीवरच्या त्या उपकरणावर लिहिण्याची मुभा साध्या यूजरला नाही. ती युडेव्हच्या (लिनक्समधल्या उपकरणे सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) नियमांनी मिळते. उबुंटू आणि डेबियनवर ‘सुडू एपीटी इन्स्टॉल एडीबी फास्टबूट अँड्रॉइड-एसडीके-प्लॅटफॉर्म-टूल्स-कॉमन’ द्या. शेवटच्या पॅकेजात बहुतेक कंपन्यांचे नियम तयार असतात. गूगलच्या झिपमध्ये ते नसतात, म्हणून झिप वापरणाऱ्यांनीही हे पॅकेज बसवावे. आर्चवर ‘अँड्रॉइड-टूल्स’ आणि ‘अँड्रॉइड-युडेव्ह’. फेडोरावर ‘अँड्रॉइड-टूल्स’. मग ‘सुडू एडीबी किल-सर्व्हर’ देऊन रूटचा सर्व्हर मारा, केबल काढून लावा.

संदेशात ‘प्लगडेव्ह’ गटाचा उल्लेख असेल तर ‘सुडू यूजरमॉड -एजी प्लगडेव्ह’ आणि पुढे तुमचे यूजरनाव (‘-एजी’मधला जी मोठा). तो लहान टाइप केला तर अर्थ बदलतो, आणि ए गाळला तर बाकीच्या गटांतून तुमचे नाव जाते. त्यात ‘सुडू’चा गटही आला. म्हणून ही एक ओळ एंटर दाबण्याआधी दोनदा वाचा. गटातला बदल लॉगआउट करून परत आल्यावरच लागू होतो.

तयार नियमांत तुमची कंपनी नसेल तर ‘एलएसयूएसबी’ द्या. फोनच्या ओळीत ‘आयडी’पुढे दोन भाग दिसतील, त्यातला पहिला कंपनीचा क्रमांक. गूगलचा १८डी१, सॅमसंगचा ०४ई८, शाओमीचा २७१७. इटीसी, युडेव्ह, रूल्स.डी या फोल्डरात ‘५१-अँड्रॉइड.रूल्स’ नावाची फाइल करून त्या क्रमांकाला मोड ०६६० आणि ‘यूॲक्सेस’ (लॉगइन केलेल्या यूजरला उपकरण वापरू देणारा) हा टॅग देणारा नियम लिहा. नावातला ५१ शोभेचा नाही: ‘यूॲक्सेस’ लागू करणारी प्रणालीची फाइल ७३ क्रमांकाची आहे, आणि फाइली क्रमाने वाचल्या जातात. तुमची फाइल ९९ ने सुरू झाली तर नियम बरोबर असूनही टॅग वाया जातो.

प्रश्न : ‘एडीबी सर्व्हर व्हर्जन डझन्ट मॅच धिस क्लायंट; किलिंग’ असा संदेश दर कमांडला येतो आणि चालू काम तुटते.

उत्तर : संगणकावर एडीबीच्या दोन प्रती आहेत आणि त्या एकमेकींचा सर्व्हर मारत आहेत. पोर्ट एकच, ५०३७. ज्या प्रतीची कमांड येते ती दुसरीच्या आवृत्तीचा सर्व्हर पाहून त्याला बंद करते आणि स्वतःचा सुरू करते. दुसरी प्रत बहुधा तुम्ही बसवलेली नसते. अँड्रॉइडचे एम्युलेटर (संगणकावर चालणारे आभासी फोन), फोनचा पडदा संगणकावर दाखवणारे प्रोग्रॅम, फोन-कंपन्यांचे बॅकअपचे प्रोग्रॅम आपापली एडीबी बरोबर आणतात.

विंडोजवर ‘व्हेअर एडीबी’, लिनक्स-मॅकवर ‘व्हिच -ए एडीबी’ दिल्यावर पाथमधल्या सगळ्या प्रती दिसतात. पाथबाहेरची प्रत हवी असेल तर विंडोजवर ‘नेटस्टॅट -एएनओ’ देऊन ५०३७ ची ओळ शोधा. शेवटचा आकडा प्रोसेसचा, तो टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये जुळवा आणि राइट-क्लिक करून फाइल कुठे आहे ते पाहा. मग जुनी प्रत काढा, किंवा त्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये एडीबीचा पत्ता देण्याची सोय असेल तर तिथे नव्या प्रतीचा पत्ता द्या. नवी फाइल जुनीच्या जागी चिकटवण्याचा उपायही चालतो, पण त्या प्रोग्रॅमचे पुढचे अपडेट जुनी प्रत परत आणते.

प्रश्न : मॅकवर काय करायचे?

उत्तर : होमब्रू (मॅकवर प्रोग्रॅम बसवणारे साधन) असेल तर ‘ब्रू इन्स्टॉल --कास्क अँड्रॉइड-प्लॅटफॉर्म-टूल्स’. नसेल तर झिप आपल्या होम फोल्डरात उलगडून तिचा पत्ता ‘.झेडएसएचआरसी’ या फाइलीत पाथला जोडा. २०१९ च्या कॅटलिनापासून मॅकचा शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) झेडएसएच आहे, जुन्या लेखांतली ‘.बॅश_प्रोफाइल’ तो वाचत नाही. मॅक अँड्रॉइड फोनच्या फाइली फाइंडरमध्ये दाखवत नाही, पण ‘एडीबी पुल’ने फोटोंचे अख्खे फोल्डर उतरवता येते. अनेकांनी तेवढ्यासाठी एडीबी बसवली तरी हरकत नाही.

प्रश्न : वायरलेस डीबगिंगमध्ये ‘एडीबी पेअर’ यशस्वी होते, पण फोन यादीत येत नाही. दुसऱ्या संगणकावर तर ‘पेअर’ ही कमांडच नाही असे म्हणतो.

उत्तर : पेअर म्हणजे फक्त ओळख. त्यानंतर ‘एडीबी कनेक्ट’ वेगळे द्यावे लागते, आणि घोळ होतो तो पोर्टच्या आकड्यात. ‘पेअर डिव्हाइस विथ पेअरिंग कोड’ दाबल्यावर उघडणाऱ्या चौकटीत सहा आकडी कोड आणि एक पोर्ट दिसतो. तो पोर्ट फक्त पेअरसाठी, चौकट मिटली की मेला. कनेक्टसाठीचा पोर्ट ‘वायरलेस डीबगिंग’च्या मुख्य पानावर आयपी पत्त्याच्या पुढे असतो. आयपी दोन्हीकडे सारखा असल्याने डोळा चुकतो. वायरलेस डीबगिंग बंद करून चालू केले की हा दुसरा पोर्टही बदलतो. मागच्या वेळची कमांड वरच्या बाणाने परत आणून एंटर मारणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

पेअर एकदा पुरते. ही सोय अँड्रॉइड ११ पासूनची आहे आणि संगणकावर प्लॅटफॉर्म-टूल्स ३० किंवा नंतरची आवृत्ती लागते. तुमच्या दुसऱ्या संगणकावर त्याहून जुनी आहे. उबुंटू-डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांत एपीटीतून येणारी एडीबी अशीच जुनी असते. तिथे नियमांचे पॅकेज एपीटीतून आणि एडीबी गूगलच्या झिपमधून अशी जोडी घाला.

दोन्ही पोर्ट बरोबर असूनही जोडले जात नसेल तर राउटर पाहा. पाहुण्यांसाठीच्या वायफायवर आणि पुष्कळ कार्यालयांच्या वायफायवर एका उपकरणाला दुसऱ्याशी बोलू दिले जात नाही. तिथे एडीबीचा इलाज नाही.

अँड्रॉइड १० किंवा जुन्या फोनला एकदा केबल लावून ‘एडीबी टीसीपीआयपी ५५५५’ द्या, केबल काढा, मग ‘एडीबी कनेक्ट’पुढे फोनचा आयपी, अपूर्णविराम आणि ५५५५. फोन बंद-चालू केला की हे जाते. काम झाल्यावर ‘एडीबी यूएसबी’ देऊन बंद करायला विसरू नका.

प्रश्न : एडीबी उत्तम चालते. ‘एडीबी रीबूट बूटलोडर’ने फोन बूटलोडरमध्येही जातो. पण फास्टबूटची कुठलीही कमांड ‘वेटिंग फॉर एनी डिव्हाइस’वर अडकते.

उत्तर : बूटलोडरमधला फोन संगणकाच्या दृष्टीने दुसरेच उपकरण असतो. विंडोजवर त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो. फोन त्याच स्थितीत ठेवून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि पिवळ्या ओळीला ‘अँड्रॉइड बूटलोडर इंटरफेस’ द्या. लिनक्सवर कंपनीचा क्रमांकही बदलू शकतो: अनेक फोन बूटलोडरमध्ये गूगलचा १८डी१ सांगतात, म्हणून ‘एलएसयूएसबी’ त्या स्थितीत पुन्हा पाहून नियम जोडा. ड्रायव्हर बरोबर असूनही कमांड मध्येच तुटत असेल तर यूएसबी ३ च्या पोर्टऐवजी यूएसबी २ चा पोर्ट किंवा मध्ये साधा यूएसबी २ हब घालून पाहा. उपाय गावठी वाटतो, पण काही संगणकांवर तोच लागू पडतो.

सॅमसंगच्या फोनांत फास्टबूट नसते. त्यांचा ‘डाउनलोड मोड’ वेगळा आणि साधनेही वेगळी. तिथे तासन्‌तास वाट पाहू नका.

आणि ‘फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक’ देण्याआधी : ही कमांड फोनमधला सगळा डेटा पुसते. ती त्रुटी नव्हे, मुद्दाम केलेली तरतूद आहे. आधी ‘एडीबी पुल’ने फोटो आणि कागदपत्रे काढून घ्या.

प्रश्न : ‘एडीबी एक्झेक-आउट स्क्रीनकॅप -पी’ देऊन पडद्याचे चित्र फाइलीत वळवले. फाइल बनते, उघडत नाही.

उत्तर : तुम्ही पॉवरशेलमध्ये आहात. विंडोजबरोबर येणारी पॉवरशेलची ५.१ आवृत्ती ‘>’ या खुणेने वळवलेला मजकूर अक्षरे समजून यूटीएफ-१६ मध्ये बदलते, आणि चित्राचे बाइट मोडतात. साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये तीच ओळ चालते, पॉवरशेल ७.४ पासूनही. नाहीतर चित्र आधी फोनवरच एसडीकार्ड फोल्डरात बनवा आणि ‘एडीबी पुल’ने आणा.

प्रश्न : एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) बसवताना ‘इन्स्टॉल फेल्ड’ आणि पुढे लांबलचक इंग्रजी शब्द येतो. प्रत्येक वेळी निराळा.

उत्तर : तोच शब्द वाचायचा असतो. ‘अपडेट इन्कंपॅटिबल’ : त्याच नावाचे ॲप वेगळ्या सहीने आधीच बसलेले आहे, जुने काढावे लागेल, त्याचा डेटाही जाईल. ‘व्हर्जन डाउनग्रेड’ : फोनवर नवी आवृत्ती आहे. ‘यूजर रिस्ट्रिक्टेड’ : शाओमीच्या फोनांत हे हमखास दिसते, डेव्हलपर ऑप्शन्समधला ‘इन्स्टॉल व्हाया यूएसबी’ हा निराळा स्विच चालू करा. ‘डेप्रिकेटेड एसडीके व्हर्जन’ : अँड्रॉइड १४ फार जुन्या ॲपना नकार देते. ‘मिसिंग स्प्लिट’ : ॲप अनेक एपीकेत विभागलेले आहे, सगळे तुकडे ‘एडीबी इन्स्टॉल-मल्टिपल’ने एकाच वेळी द्या.

‘मोअर दॅन वन डिव्हाइस’ मात्र एपीकेचा दोष नाही. एम्युलेटर चालू राहिला आहे. ‘एडीबी -डी’ दिले की कमांड केबलवरच्या फोनला जाते. दोन फोन असतील तर ‘-एस’ आणि फोनचा क्रमांक.

प्रश्न : आयफोनसाठी असे काही आहे का?

उत्तर : एडीबी नाही. ‘लिबआयमोबाइलडिव्हाइस’ हा मुक्त साधनसंच आहे. मॅकवर ‘ब्रू इन्स्टॉल लिबआयमोबाइलडिव्हाइस’, उबुंटूवर ‘लिबआयमोबाइलडिव्हाइस-यूटिल्स’ आणि ‘यूएसबीमक्सडी’. विंडोजवर आधी ॲपलचा ड्रायव्हर लागतो, तो आयट्यून्स किंवा ‘ॲपल डिव्हाइसेस’बरोबर येतो. फोन लावा, लॉक उघडा, ‘ट्रस्ट’ दाबून पासकोड द्या, मग ‘आयडिव्हाइसपेअर पेअर’. ‘आयडिव्हाइसइन्फो’ फोनची माहिती देते, ‘आयडिव्हाइससिसलॉग’ चालू नोंदी दाखवते, ‘आयडिव्हाइसबॅकअप२’ बॅकअप घेते. ‘लॉकडाउनडी’शी (आयफोनमध्ये संगणकाशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमशी) जोडता आले नाही असा संदेश आला तर एकतर ‘ट्रस्ट’ राहिले आहे, किंवा आयओएसच्या मानाने पॅकेज जुने आहे. बॅकअपला पासवर्ड लावला तर साठवलेले पासवर्ड आणि आरोग्याच्या नोंदीही त्यात येतात, एरवी येत नाहीत. पण तो पासवर्ड विसरलात तर बॅकअप उघडण्याचा मार्ग उरत नाही.

प्रश्न : रास्पबेरी पायवर गूगलची लिनक्स झिप ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ देते.

उत्तर : ती झिप इंटेल-एएमडीच्या ६४ बिट प्रोसेसरसाठी आहे, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा प्रोसेसर एआरएम. एपीटीतून घ्या. विंडोजच्या डब्ल्यूएसएल २ मध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये) अडलेल्यांसाठीही इथेच सांगतो : तिथे यूएसबी आपोआप पोचत नाही. ‘यूएसबीआयपीडी-विन’ने फोन आत नेता येतो, पण डब्ल्यूएसएलमधून विंडोजचीच एडीबी, ‘.ईएक्सई’ लावून, चालवणे जास्त सोपे.

प्रश्न : काम झाले. आता हे सगळे संगणकावरून नीट कसे काढायचे? फोल्डर पुसताना ‘वापरात आहे’ असे येते.

उत्तर : सर्व्हर अजून चालू आहे, म्हणून. ‘एडीबी किल-सर्व्हर’ द्या आणि मग फोल्डर पुसा. नवी आवृत्ती जुनीवर चिकटवतानाही हीच पायरी आधी घ्यावी लागते. पाथमधली नोंद काढा. विंडोजचे ड्रायव्हर राहिले तरी काही बिघडत नाही.

संगणक दुसऱ्याच्या हाती जाणार असेल तर ‘एडीबीकी’ची फाइल महत्त्वाची. ज्याच्याकडे ती आहे त्याला तुमचा फोन पुन्हा न विचारता आत घेऊ शकतो. फोनवर ‘रिव्होक’ दाबा, यूएसबी डीबगिंग बंद करा, आणि संगणकावरच्या ‘एडीबीकी’ व ‘एडीबीकी.पब’ या दोन फाइली पुसा. संपूर्ण ‘.अँड्रॉइड’ फोल्डर मात्र डोळे झाकून उडवू नका. अँड्रॉइड स्टुडिओ वापरत असाल तर तुम्ही बनवलेले आभासी फोन त्यातल्याच ‘एव्हीडी’ फोल्डरात असतात, आणि ॲपच्या चाचणी आवृत्तीवर सही करणारी ‘डीबग.कीस्टोअर’ही तिथेच.